दोन षट्कोन

मनुष्याला आकृतीचा लोभ फार. सकाळीं अंगणांत गृहिणी रांगोळीचे ठिपके मांडूं लागली, कीं शेजारीं उभें असलेलें पोर रेघ ओढण्यापूर्वींच "कमळ!" म्हणून ओरडतें. ठिपके तोंवर कशाचेच नसतात. कमळ त्या पोराच्या डोळ्यांत असतें. आकाशांतील सात ताऱ्यांवर आमच्या पूर्वजांनीं सात ऋषि बसविले. त्याच ताऱ्यांत दुसऱ्या देशांतील लोकांना अस्वल दिसलें, तिसऱ्यांना नांगर दिसला. ह्या लोभावांचून ज्ञान निर्माण झालें नसतें हें उघड आहे. कारण विखुरलेल्या गोष्टींत ज्याला कसलाच आकार दिसत नाहीं, तो त्यांचा विचार तरी काय करणार? परंतु जो लोभ आपणांस सत्याच्या दारापर्यंत नेतो, तोच पुष्कळदां आपणांस दाराबाहेर बसवून आंत पोंचल्याचा आनंद भोगावयास लावतो.

ह्या लेखांत आम्ही दोन षट्कोनांची हकीकत सांगणार आहों. पहिला एका रसायनशास्त्रज्ञाला डुलकींत दिसला, आणि खरा ठरला. दुसरा उत्तम सूक्ष्मदर्शकाखालीं, अनेकांच्या उघड्या डोळ्यांना दिसला, आणि टिकला नाहीं. ह्या दुसऱ्याशीं आमचाहि थोडा संबंध आला आणि त्यापायीं एक देणें आमच्या अंगावर राहिलें. तें फेडावें, हाच ह्या लिहिण्याचा हेतु आहे.

पहिल्या षट्कोनाचें नांव बेंझीन. १८२५ सालीं लंडनमध्यें मायकेल फॅरडे ह्यानें दिव्याच्या वायूंतून सांचणाऱ्या तेलकट द्रवांतून हा पदार्थ वेगळा काढला. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे सहा आणि हायड्रोजनचे सहा अणु असतात. आतां कार्बनला चार हात आणि हायड्रोजनला एक, असें मानण्याची रसायनशास्त्रांत रीत आहे. सहा कार्बन एका ओळींत हात धरून उभे राहिले तर त्यांच्या उरलेल्या हातांना चौदा हायड्रोजन लागतात. येथें तर सहाच. इतके हात मोकळे असलेला पदार्थ मिळेल त्या पदार्थाला जाऊन बिलगावयास हवा. पण बेंझीन आश्चर्य वाटण्याइतका शांत. हें कोडें १८६५ सालीं ऑगस्ट केकुले ह्यानें सोडविलें. सहा कार्बन ओळींत नसून वर्तुळांत आहेत, पहिल्याचा हात शेवटच्याच्या हातांत आहे, असें त्यानें सांगितलें. पुढें पंचवीस वर्षांनीं, १८९० सालीं, बर्लिन येथें त्याच्या गौरवार्थ समारंभ झाला, त्या वेळीं त्यानें ह्या कल्पनेचा उगम सांगितला: बेल्जममधील घेंट गांवीं असतां विस्तवापुढें त्याला डुलकी लागली, डोळ्यांपुढें अणूंच्या माळा सर्पासारख्या वळवळूं लागल्या, आणि एका सर्पानें आपलेंच शेपूट तोंडांत धरलें. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सर्वतोमुखीं झाली आहे. कांहीं इतिहासकार ती मागाहून रचली असावी अशी शंका घेतात. परंतु तो वाद आम्हांला महत्त्वाचा वाटत नाहीं. त्याच भाषणांत केकुलेनें आपल्या तरुण श्रोत्यांना जी सावधगिरीची सूचना दिली, ती मात्र क्वचितच कोणी सांगतो. स्वप्नें अवश्य पाहावीं. पण जागेपणीं तीं घासूनपुसून पाहिल्यावांचून जगापुढें मांडूं नयेत, असा तिचा आशय होता.

आणि घासूनपुसून पाहण्याची सोय ह्या षट्कोनांतच होती. सहा माणसें वर्तुळांत बसलीं आहेत आणि त्यांतील दोघांच्याच डोक्यांवर पागोटीं आहेत, अशी कल्पना करावी. तीं दोघें एकमेकांच्या शेजारीं असतील, किंवा त्यांच्यामध्यें एक माणूस असेल, किंवा तीं समोरासमोर असतील. चौथा प्रकार संभवतच नाहीं. म्हणजे बेंझीनच्या सहा हायड्रोजनांपैकीं दोघांच्या जागीं दुसरें कांहीं बसविलें, तर पदार्थ तीनच तऱ्हेचे व्हावयास हवेत. रसायनशास्त्रज्ञांनीं असे पदार्थ शेंकड्यांनीं तयार केले. कोर्नर ह्यानें १८७४ सालीं कोणता पदार्थ कोणत्या तऱ्हेचा हें ओळखण्याची पद्धतशीर युक्तीहि काढून दिली. तिन्ही तऱ्हा सांपडल्या, आणि चौथी कोणाला सांपडली नाहीं. पुढें १९२९ सालीं लीड्स येथें कॅथलीन लॉन्सडेल ह्या विदुषीनें, सहाहि कोपऱ्यांवर मेथिल गट बसविलेल्या बेंझीनच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, आणि त्यांच्या ठिपक्यांवरून गणित करून कार्बनचे सहा अणु एका सपाट, सारख्या बाजूंच्या षट्कोनाच्या कोपऱ्यांवर आहेत असें दाखविलें. केकुलेच्या कल्पनेला तेव्हां चौसष्ट वर्षें झालीं होतीं, आणि तो स्वतः तेहतीस वर्षांपूर्वींच वारला होता.

आतां हें वर्तुळ घडवावयाचें कसें, ह्याचीहि कथा मनोरंजक आहे. ॲसिटिलीन वायु वाचकांच्या परिचयाचा आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडलें कीं निघतो तो हा. पूर्वीं जत्रेंतील दुकानांतून ह्याचे दिवे जळत, आणि आंबे झटपट पिकविण्यासाठीं ह्याचा जो चोरटा उपयोग होतो त्याला कायद्यानें मनाई आहे. ह्या वायूच्या रेणूंत दोन कार्बन व दोन हायड्रोजन असतात. म्हणजे तीन रेणु एकत्र आले कीं झालें बेंझीन. हिशेब इतका सोपा, आणि वाटहि उताराची: असें ७८ ग्रॅम बेंझीन तयार होतांना सुमारें १४३ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. सवा लिटरहून अधिक बर्फासारखें गार पाणी उकळीला आणण्यास ती पुरेल. असें असूनहि ॲसिटिलीन नुसतें भरून ठेवलें तर त्याचें बेंझीन होत नाहीं. फ्रान्समध्यें बर्तलो ह्यानें १८६६ सालीं तें काचेच्या पात्रांत, काच मऊ पडेल इतकें तापविलें, तेव्हां कोठें थोडें बेंझीन मिळालें, आणि त्याबरोबर नको असलेले पदार्थहि मिळाले. तीन रेणूंनीं एकाच क्षणीं, एकाच ठिकाणीं, योग्य त्या अंगानें भेटावें हा योग नुसत्या धांवपळींत दुर्मिळच.

तो योग धातु जुळवून आणतो. निकेल किंवा कोबाल्ट ह्यांचा अणु ॲसिटिलीनचा एक रेणु आपल्याजवळ बसवून घेतो, मग दुसरा. त्या दोघांची गांठ पडते व धातूसकट पांच अणूंचें एक कडें होतें. इतक्यांत तिसरा येतो, कार्बनच्या सहा अणूंचें वलय मिटतें, आणि धातु बाजूला होऊन पुढच्या तिघांस बसवूं लागतो. जर्मनींत लुडविग्सहाफेन येथें वाल्टर रेप्पे ह्यानें ह्या विषयांत केलेलें काम १९४८ सालीं सविस्तर प्रसिद्ध झालें, आणि त्यांतील एक गोष्ट आम्हांला आमच्या पंगतीची आठवण करून देते. निकेलभोंवतीं जणूं चार पाट मांडलेले असतात. चारहि मोकळे असले तर ॲसिटिलीनचे चार रेणु बसतात, आणि त्यांच्यापासून आठ कार्बनांचें वलय तयार होतें. त्याला सायक्लोऑक्टाटेट्राईन म्हणतात. पण स्फुरदयुक्त अशा एका परक्या पाहुण्याला आधींच एका पाटावर बसवून ठेवलें, तर ॲसिटिलीनसाठीं तीनच पाट उरतात, आणि सहा कार्बनांचें बेंझीन तयार होतें! पाट किती मोकळे आहेत त्यावरून वलय केवढें व्हावयाचें तें ठरतें. पुढें कोबाल्टच्या साहाय्यानें अमेरिकेंतील बर्कली येथें अशाच वलयबंधनानें एस्ट्रोन ह्या संप्रेरकाची चार वलयांची इमारत उभारण्यांत आली. हें १९७७ सालचें काम. ह्या सर्व खटाटोपांत धातु शेवटीं जसाचा तसा उरतो. तो एकत्र आणतो, जुळूं देतो, आणि सोडतो. न सोडील, तर त्याचें काम तेथेंच थांबेल.

ह्या आठांच्या वलयाची एक मागची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तो पदार्थ रेप्पेच्या पूर्वींच, १९११ सालीं, झुरिच येथें रिशार्ड विल्स्टेटर ह्यानें तयार केला होता. त्यानें आरंभ केला तो डाळिंबाच्या सालींतून निघणाऱ्या एका अल्कलॉइडापासून. आणि एकामागून एक अनेक पायऱ्या चढत तो त्या वलयापर्यंत पोंचला. हातीं आलें तें अगदीं थोडें. परंतु रसायनशास्त्रज्ञांना दुसरीच अपेक्षा होती: सहांचें वलय जर इतकें शांत, तर आठांचेंहि तसेंच असावें. विल्स्टेटरचा पदार्थ मुळींच शांत नव्हता. तेव्हां कांहीं पंडितांनीं त्याच्या कामावरच शंका घेतली. त्याच अणुसंख्येचा स्टायरीन नांवाचा सामान्य पदार्थ त्याला मिळाला असावा, असें म्हटलें जाऊं लागलें. विल्स्टेटरला १९१५ सालीं वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. १९२४ सालीं म्यूनिक येथील ज्यूद्वेषाच्या निषेधार्थ त्यानें आपलें अध्यापकपद सोडलें. १९३९ सालीं त्याला मायभूमि सोडावी लागली. आणि १९४२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तो वारला. युद्ध संपल्यावर रेप्पेचें काम बाहेर आलें, अमेरिकेंत विल्स्टेटरचा मूळ मार्गहि पायरीपायरीनें पुन्हां चढून पाहण्यांत आला, आणि त्याचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. येथें आकृतीच्या लोभाला बळी पडले ते शंका घेणारे! वलय शांत असलेंच पाहिजे ही आकृति त्यांच्या डोळ्यांत होती. समोरचा पदार्थ तिच्यांत बसेना, म्हणून त्यांनीं पदार्थच खोटा ठरविला.

आतां दुसऱ्या षट्कोनाकडे वळूं. आर. एन. ए. हा सजीव पेशींतील एक लांबलचक रेणु. चार प्रकारच्या मण्यांची ओंवलेली माळ म्हटलें तरी चालेल. पेशींत तो निरोप पोंचविण्याचें काम करतो, हें फार दिवसांपासून ठाऊक होतें. तो स्वतः उत्प्रेरकाचेंहि काम करूं शकतो, असें चेक व ऑल्टमन ह्या दोघांनीं दाखविलें, आणि १९८९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें एक नवीनच रीत निघाली. मण्यांचा क्रम वाटेल तसा ठेवून कोटीला कोटीनें गुणावें इतक्या निरनिराळ्या माळा एका भांड्यांत तयार करावयाच्या, त्यांतून हवें तें काम करणाऱ्या तेवढ्या निवडावयाच्या, त्यांचीच वाढ करावयाची, पुन्हां निवडावयाच्या. शेतकरी बियाण्याची निवड करतो तसाच हा प्रकार. फक्त शेत एका थेंबाएवढें. ह्या रीतीनें १९९७ सालीं कार्बन-कार्बनाची गांठ बांधून वलय मिटविणारा आर. एन. ए. निवडून काढल्याचें प्रसिद्ध झालें. त्या कामांत त्याला तांब्याच्या अयनांची साथ लागत असे.

मग २००४ सालीं 'सायन्स' ह्या विख्यात नियतकालिकांत एक लहानसा लेख आला. उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं अशाच रीतीनें कांहीं आर. एन. ए. निवडून काढले होते, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखालीं पॅलेडियम धातूचे अतिसूक्ष्म पातळ स्फटिक वाढतात, व तेहि रेखीव षट्कोनाकृति, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें हे आर. एन. ए. सोन्याच्या पृष्ठावर बसवून तेथेंच पॅलेडियमचे कण वाढविल्याचेंहि प्रसिद्ध झालें. ह्याचा अर्थ किती मोठा, तो ध्यानांत घ्यावा. आजवर धातु रेणूंना जुळवीत होता. आतां सजीवांतील रेणु धातूला आकार देऊं लागला! ज्या लिपींत प्राणिमात्राचा आराखडा लिहिला जातो, तिच्यांतच उद्यां यंत्रांचे सूक्ष्म भाग लिहितां येतील. निरनिराळ्या अक्षरांपासून निरनिराळे आकार. पृष्ठावर अक्षरें मांडावीं आणि धातूची रांगोळी आपोआप उमटावी.

आम्हीं आमचें आयुष्य रसायनशास्त्र शिकविण्यांत घालविलें आहे. तो लेख वाचून आम्हांला झालेला आनंद आजहि आठवतो. त्यांतील काळ्या-पांढऱ्या चित्रांत ते षट्कोन इतके स्वच्छ दिसत होते, कीं त्यांजवर अविश्वास दाखविणें म्हणजे सौंदर्याचा अपमान करणें असें वाटावें. आम्हीं तें चित्र मोठें करून घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं आमच्या गांवच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेंत त्यावर तासभर बोललों. केकुलेच्या सर्पापासून आरंभ करून ह्या षट्कोनापर्यंत आलों, आणि "निसर्गाला हा आकार प्रिय आहे" अशा थाटाचें एक वाक्यहि शेवटीं म्हटलें. टाळ्या चांगल्या पडल्या. मग मागच्या बांकावरून नववी-दहावींतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्यांत आर. एन. ए. घातलाच नाहीं, तर काय होतें?"

प्रश्न पांच शब्दांचा होता असें म्हणावें इतका लहान होता. आम्हीं हंसून उत्तर दिलें, "तें त्यांनीं पाहिलेंच असणार, बाळ. एवढ्या मोठ्या मासिकांत छापून आलें आहे." श्रोतेहि हंसले, आणि ती मुलगी खालीं बसली.

त्यानंतर २००७ सालीं दुसऱ्या एका नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध झाला. तो त्याच विद्यापीठांतील कांहीं संशोधकांचा होता, आणि त्यांतील एक जण तर आरंभीं ह्या कामाशीं सहकार्य करणाराच होता. ज्या संयुगापासून पॅलेडियम मिळावयाचें होतें, तें पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून टेट्राहायड्रोफ्युरान नांवाचें सेंद्रिय द्रावक त्यासाठीं वापरावें लागतें. ह्या द्रावकांत तें विरघळवून पाण्याशीं मिसळलें, तर त्या संयुगाचेच षट्कोनी स्फटिक खालीं बसतात, आणि तेहि आर. एन. ए. न घालतां, असें ह्या लेखाचें म्हणणें होतें. म्हणजे चित्रांतील षट्कोन खरे, पण ते धातूचे नव्हेत. घातलेलाच पदार्थ आकार धरून बाहेर आलेला. मीठ विरघळवून पुन्हां मीठच हातीं यावें, आणि आपण त्याला मोतीं म्हणावें, तसें झालें. मूळ लेखकांना हें मान्य नव्हतें. वाद विद्यापीठांत गेला, तेथून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानापर्यंत गेला, आणि वर्षानुवर्षें चालला. प्रतिष्ठानानें लबाडीचा निवाडा दिला नाहीं; संशोधनाच्या रूढ रीतीपासून मोठी फारकत झाली, एवढें म्हटलें. अखेर २०१६ सालीं 'सायन्स'च्या संपादकांनीं तो लेख मागें घेतला. प्रसिद्ध झाल्यापासून बारा वर्षें लोटलीं होतीं.

कोणाला दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. कोणाच्या मनांत काय होतें हें आम्हांला कळण्याचा मार्ग नाहीं, आणि तें कळण्याचें आम्हांला कारणहि नाहीं. पॅलेडियमच्या नशिबींच कांहीं असें दिसतें. १८०३ सालीं लंडनमधील एका दुकानांत 'नवी चांदी' ह्या नांवानें ही धातु विकावयास आली. शोधणाऱ्याचें नांव जाहिरातींत नव्हतें. रिचर्ड चेनेव्हिक्स नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाला ही फसवणूक वाटली. त्यानें दुकानांतील सारा माल विकत घेतला, प्रयोग केले, आणि हें नवें मूलद्रव्य नसून प्लॅटिनम व पारा ह्यांचें मिश्रण आहे असा निबंध रॉयल सोसायटीपुढें मांडला. त्याच वर्षीं त्याला सोसायटीचें कॉप्ली पदक मिळालें. परंतु प्लॅटिनम व पारा एकत्र करून पॅलेडियम तयार करणें दुसऱ्या कोणालाच साधेना. तसें करून दाखविणाराला वीस पौंडांचें बक्षीसहि एका निनांवी जाहिरातींत देऊं करण्यांत आलें. तें कोणीं मागितलें नाहीं. १८०५ सालीं विल्यम वोलॅस्टन ह्यानें पुढें येऊन, ही धातु आपणच प्लॅटिनमच्या खनिजांतून काढली, असें जाहीर केलें. चेनेव्हिक्स लबाड नव्हता. पॅलेडियम मूलद्रव्य असूं नये असें त्याच्या मनानें आधींच घेतलें होतें, आणि मनानें घेतलेलें डोळे दाखवीत असतात.

आमच्या डोळ्यांनींहि एकदां असेंच कांहीं दाखविलें होतें, आणि तेथें आम्ही चेनेव्हिक्सइतके निर्दोष नव्हतों. गोष्ट आमच्या विद्यार्थिदशेंतील, पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वींची. प्रात्यक्षिकाच्या तासाला ॲसिटॅनिलाइड तयार करून त्याचा वितळण्याचा अंश काढावयाचा होता. पुस्तकांत ११४ अंश दिलेला. आमच्या केशनळींतील पूड १०८ अंशांवरच ओली दिसूं लागली. आम्हीं थोडा वेळ तिकडे पाहिलें न पाहिलेंसें केलें, आणि वहींत ११३ हा आंकडा लिहिला. ११४ लिहिला नाहीं, कारण अगदीं बरोबर उत्तरानें संशय येतो हें शहाणपण त्या वयांतहि आम्हांला होतें! शेजारच्या विद्यार्थ्यानें १०८ लिहिला. शिक्षकांनीं आमची पाठ थोपटली आणि त्याला चार शब्द सुनावून पूड पुन्हां वाळवावयास पाठविलें. त्यानें ती दुसऱ्या दिवशीं नीट वाळवून आणली. अंश ११४ भरला. पुडींत ओल राहिली तर ती लवकर वितळते, हें त्या दिवशीं तो शिकला. आम्ही कांहींच शिकलों नाहीं. १०८ हा चुकीचा आंकडा नव्हता. तो पुडीचा निरोप होता, आणि आम्हीं तो घेतला नाहीं.

पुष्कळ दिवस आम्हांला वाटे, कीं त्या दिवशीं आम्हीं केलें तें खोटें लिहिण्याचें पाप होतें, आणि तेवढ्यापुरतें तें संपलें. आतां वाटतें, कीं वाचनालयांत त्या मुलीला उत्तर देतांना आम्ही तेंच पुन्हां केलें. तेथें आम्हीं खोटा आंकडा लिहिला नाहीं हें खरें; पण आकृति इतकी आवडली होती, कीं तिला ओलें करणारा प्रश्न ऐकूं येतांच आम्हीं तो हंसण्यावारी नेला. विश्वास टाकला तो चित्राच्या रेखीवपणावर आणि मासिकाच्या नांवावर. दोहोंपैकीं एकहि पुरावा नव्हे.

मग पहिला षट्कोन टिकला आणि दुसरा टिकला नाहीं, ह्याचें रहस्य कशांत? स्वप्नांत आणि सूक्ष्मदर्शकांत तें नाहीं. केकुलेच्या षट्कोनानें जगाला एक काम दिलें: चौथी तऱ्हा शोधा, सांपडली तर मी खोटा. शत्रूलाहि करतां यावें असें तें काम होतें, आणि शत्रूमित्रांनीं चौसष्ट वर्षें तें केलें. दुसऱ्या षट्कोनालाहि असेंच एक काम होतें, "आर. एन. ए. काढून पाहा", आणि तें कांहीं जणांनीं नेटानें केलें म्हणूनच आज आपणांस खरें काय तें कळलें. विल्स्टेटरची कथा मध्यें सांगितली ती एवढ्यासाठीं, कीं शंका घेणें हाच शहाणपणा असेंहि कोणीं समजूं नये. त्याच्यावर शंका घेणारे आपल्या खोलींत बसून शंका घेत होते. त्याचें समाधान झालें तें डाळिंबाच्या सालीपासून पुन्हां आरंभ करणाऱ्यांच्या हातून, आणि तोंवर तो ह्या जगांत नव्हता. विश्वास असो कीं संशय, दोहोंनाहि एकच उपाय आहे: पुन्हां करून पाहणें.

निकेलच्या त्या अणूचा आम्हांला कधीं कधीं हेवा वाटतो. तो जवळ आणतो, जुळूं देतो आणि जुळल्यावर सोडून देतो. तयार झालेल्या वलयाला तो बिलगून बसत नाहीं. आम्ही माणसें मात्र हातीं आलेली आकृति सोडावयास तयार नसतों, मग ती संशोधकाच्या बारा वर्षांची असो कीं व्याख्यात्याच्या एका तासाची.

ते षट्कोन मागें घेतले गेल्याची बातमी आम्हीं २०१६ सालींच वाचली होती. त्या वेळीं वाचनालयांत जाऊन, पूर्वीं सांगितलें तें बरोबर नव्हतें, असें सांगावें असें मनांत आलें. पण इतक्या वर्षांनीं कोणाला तें आठवत असेल, असें म्हणून आम्हीं तो विचार बाजूला सारला. आठवत होतें तें आम्हांलाच. ती मुलगी आतां मोठी झाली असेल. कोठें असेल, काय करीत असेल, ठाऊक नाहीं. तिचें नांवहि आम्हीं विचारलें नव्हतें. हें मासिक पुष्कळ घरांत जातें. कदाचित् तिच्याहि घरीं जात असेल, म्हणून येथें लिहितों. बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता. आर. एन. ए. घातला नाहीं तरीहि ते षट्कोन होतात. तुम्हांला खालीं बसावयास लावलें, तें आमचें चुकलें.